परीक्षेचे दार आणि श्रद्धेची खूण

कर्नाटकात १७ एप्रिल २०२५ रोजी बीदर येथील एका विद्यार्थ्याने जानवे काढण्यास नकार दिला आणि त्याला सीईटीच्या गणिताच्या पेपरला मुकावे लागले. पुढे संबंधितांवर कारवाई झाली. पुनर्परीक्षा अथवा अन्य विषयांच्या सरासरीवरून गुण, असे पर्याय त्याच्यापुढे ठेवणे शासनाला भाग पडले. प्रकरण मिटले, प्रश्न मात्र मिटलेला नाही. तो कधी शीख उमेदवाराच्या कड्याचा असतो, कधी मुस्लिम मुलीच्या शिरोवस्त्राचा. आणि त्याचा निकाल दारावरचा कर्मचारी, घंटा होण्यास काही मिनिटे उरली असताना, देऊन टाकतो.

परीक्षा घेणाऱ्यांची अडचण खोटी आहे असे नव्हे. २०१५ साली अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेश परीक्षेत बनियनमध्ये दडविलेल्या उपकरणांद्वारे उत्तरे पुरविली गेल्याचे उघडकीस आले. सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द केली आणि सुमारे ६ लाख ३० हजार विद्यार्थ्यांवर पुन्हा परीक्षेची पाळी आली. मूठभरांच्या लबाडीची किंमत लाखोंनी मोजली. त्यामुळे ‘श्रद्धेचा विषय आहे, हात लावू नका’ ही भूमिका मान्य होण्यासारखी नाही.

तथापि झडती घेणे निराळे आणि अंगावरची खूण उतरवायला लावणे निराळे. झडतीचा हेतू लपविलेले साधन शोधणे हा आहे. ते नाही अशी खात्री पटली की नियमाचे प्रयोजन संपते. केरळ उच्च न्यायालयाने २०१५ साली दोन विद्यार्थिनींना शिरोवस्त्रासह बसू दिले ते याच तत्त्वावर : अर्धा तास आधी यावे आणि स्त्री पर्यवेक्षिकेकडून तपासणी करून घ्यावी. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी सवलत देण्यास नकार दिला, हे खरे. परंतु २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नीट’साठी शीख उमेदवारांना एक तास आधी येण्याच्या अटीवर कडे व कृपाण यांसह प्रवेश दिला. सवलत हवी त्याने वेळ द्यावा, हा सौदा दोन्ही पक्षांना न्याय्य आहे.

कोणत्याही नियमाविषयी अर्थशास्त्र दोन प्रश्न विचारते : खर्च किती, आणि तो कोणावर पडतो? येथे तपासणीचा खर्च म्हणजे एक स्त्री कर्मचारी, एक पडदा आणि अर्धा तास. नकाराचा खर्च म्हणजे विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष, आणि नोकरीच्या परीक्षेत वयोमर्यादा जवळ आली असेल तर कदाचित कायमची संधी. शिवाय तो पडतो संपूर्णपणे अशा व्यक्तीवर, जिच्याविरुद्ध लबाडीचा पुरावा तर सोडाच, संशयही नसतो.

अमुक खूण धर्माने अनिवार्य मानली आहे काय, हा वाद येथे उपस्थित केला जातो. राज्यघटनेच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणात कृपाणाचा उल्लेख आहे, जानव्याचा वा शिरोवस्त्राचा नाही. परंतु दारावरच्या कर्मचाऱ्याने धर्मशास्त्राचा निवाडा करावा, अशी अपेक्षा कोण करील? त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच असावा : ही वस्तू तपासता येते काय? सुताचा दोरा आणि धातूचे कडे यांना एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. कृपाण हे पाते असल्याने तिचा विचार सुरक्षिततेच्या दृष्टीने वेगळा करावा लागेल. पण तोही आधी, लेखी आणि सर्वत्र सारखा व्हावा.

‘नीट’च्या सूचनांत अशी तरतूद आता असते. ती प्रत्येक सार्वजनिक परीक्षेच्या प्रवेशपत्रावर छापली जावी. प्रवेश नाकारण्याचा अधिकार केवळ केंद्रप्रमुखाला असावा आणि त्याने कारण लेखी द्यावे. सार्वजनिक नोकरीत समान संधीची हमी घटनेच्या १६व्या कलमाने दिली आहे. त्या हमीचा मार्ग परीक्षा केंद्राच्या दारातूनच जातो, याचा विसर पडता कामा नये.