डोके कोठे, शेपूट कोठे

केळ्यांचा घड चार दिवस घरात राहिला की त्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. गृहिणी हाताने वारते आणि विसरून जाते. या फळमाशीच्या अंड्याच्या अभ्यासात क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी आपल्या उमेदीची वर्षे वेचली आणि १९९५ साली एरिक विशाउस व एडवर्ड लुईस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळविले.

जर्मनीतील माग्देबुर्ग येथे १९४२ साली जन्मलेल्या या बाईंचे मूळ शिक्षण जीवरसायनशास्त्राचे. त्यांना पडलेला प्रश्न दिसायला साधा होता. खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशा अंड्यात डोके कोठे यावे आणि शेपूट कोठे, हे कोण ठरविते? प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. मग एक पेशी डोळ्याची व दुसरी पोटाची का होते? एकाच पेढीच्या सर्व शाखांत नियमावली एकच असते. परंतु प्रत्येक शाखा तिच्यातील आपल्यापुरतीच पाने उघडते. ही पाने उघडण्याची आज्ञा कोठून येते, हा खरा शोध होता.

१९७८ साली हायडेलबर्ग येथील युरोपीय प्रयोगशाळेत न्युसलाइन-फोलहार्ड व अमेरिकन सहकारी विशाउस यांच्या वाट्याला एकच खोली आली. दोघांना समोरासमोर बसून एकच नमुना पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक त्यांनी वापरला. नर माश्यांना साखरपाण्यातून एक रसायन पाजून जनुकांत यदृच्छेने बिघाड घडवावयाचा, त्यांचे वंश वेगवेगळे राखावयाचे, आणि जी अंडी उबलीच नाहीत त्यांतील मृत अळीच्या कातडीवरील दातऱ्यांचे पट्टे मोजावयाचे. जी नोंद गाळताच ताळेबंद मोडतो ती नोंद महत्त्वाची, हे हिशेबनिसाला सांगावे लागत नाही. येथे तीच रीत जनुकांना लावली होती. हजारो वंश तपासले गेले. त्यात असंख्य जीव गेले, हे येथील वाचकास खटकेल, आणि ते खटकणे स्वाभाविकच आहे. काही हाती लागेल याची शाश्वती तर आरंभी कोणालाच नव्हती.

१९८० साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अळीच्या शरीराचे खंड पाडणारी १५ जनुके त्यांत मांडली होती. काही बिघडली तर शरीराचा सलग भागच नाहीसा होई, काहींमुळे एकाआड एक खंड गळे, तर काहींमुळे प्रत्येक खंडाची मांडणी विस्कटे. म्हणजे आधी ढोबळ वाटणी, मग बारीक, मग अधिक बारीक.

परंतु पहिली आज्ञा कोणाची? ती आईची, असे दिसून आले. ‘बायकॉइड’ नावाचे जनुक मातेमध्ये बिघडलेले असेल, तर पिलाला डोके व छाती येतच नाही. पुढच्या टोकालाही शेपटीकडचाच भाग तयार होतो. पिलाचे स्वतःचे जनुक धडधाकट असले तरी उपयोग नाही! मग निरोगी अंड्याच्या पुढच्या टोकातील किंचित द्रव काढून तो सदोष अंड्यात सोडला, तेव्हा पुष्कळशी दुरुस्ती झाली. तोच द्रव अंड्याच्या मध्यभागी सोडला, तर डोके मध्यभागी उगवू लागले. १९८८ साली वोल्फगांग ड्रीव्हर यांच्यासह त्यांनी कारण दाखवून दिले. माता आपला संदेश अंड्याच्या एका टोकाशी ठेवून देते. त्यापासून बनणारे प्रथिन तेथे दाट असते आणि मागे जाता जाता विरळ होते. दाट तेथे एक जनुक चालू, विरळ तेथे ते बंद. मातेकडून या प्रथिनाचा पुरवठा वाढविला, तर डोक्याची सीमा मागे सरकते. परिमाणावरून स्थान ठरते, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे पूर्वी कोणी दाखविली नव्हती.

बायकॉइड माणसात नाही. मात्र त्याच शोधमोहिमेत सापडलेल्या ‘हेजहॉग’ जनुकाचे भाऊबंद माणसात आहेत. त्यांत बिघाड झाला तर गर्भाच्या मेंदूची दोन भागांत विभागणी नीट होत नाही. आणि त्यांची साखळी अनावर झाली तर त्वचेचा एक कर्करोग उद्भवतो. ही साखळी रोखणारे औषध २०१२ पासून अमेरिकेत मान्य आहे. चिलटाकडून माणसाकडे येण्यास साधारण तीन दशके लागली.

बाई पुढे ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत संचालक झाल्या. २००४ साली त्यांनी आपल्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापिले. लहान मुले असलेल्या तरुण स्त्री-संशोधकांना ते दरमहा साहाय्य देते. हा पैसा सूक्ष्मदर्शकासाठी किंवा रसायनांसाठी नसतो. घरकामाला मदतनीस ठेवण्यासाठी आणि मुलांच्या सांभाळासाठी असतो.