मूल वाचत नाही? आधी त्याचा कान पाहा

पहिल्या सत्राचे पेपर तपासून घरी आले, की माझ्या दवाखान्यात सर्दी-तापाच्या रांगेत एक वेगळाच पेशंट बसलेला दिसतो. ताप नाही, खोकला नाही, वजनही वयाच्या मानाने बरे. आई किंवा आजी त्याला पुढे करते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, पोरगं बोलायला लई हुशार हाये, पन पुस्तक समोर धरलं का मुकं होतंय. डोक्याच्या ताकदीचं एखादं औषध लिहून द्या." सोबत आलेल्या मामाचे निदान तयारच असते : "काही नाही डॉक्टर, आळशी आहे. दोन ठेवून दिल्या की वाचील."

टॉनिक आणि फटके, या दोन्ही औषधांनी वाचन येत नाही, हे आज जरा विस्ताराने सांगायचे आहे. विषय शाळेचा वाटेल. पण सोमवारी सकाळीच पोट दुखणारी, रविवारी मात्र ठणठणीत असणारी मुले आमच्याकडे येतात आणि त्यांतील काहींचे दुखणे पोटात नसून पुस्तकात असते. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा लागू झाली आहे. वाचता न येणारे मूल तिथे अडते, शाळेला कंटाळते. मग मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याच्या वाटेला लागतो आणि मुलीच्या सोयरिकीची बोलणी घरात सुरू होतात. आपल्या अंबड-घनसावंगी भागात हे कोणाला सांगायला नको.

हा प्रश्न वैद्यकाच्या वहीत लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक आमच्याच जातकुळीचा, म्हणजे गावात प्रॅक्टिस करणारा साधा डॉक्टर होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड येथील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात कुणाला न हटणारा, नजर उत्तम, आकडेमोड बरी. पण कित्येक वर्षे शिकवूनही साधे शब्द वाचता येईनात, स्वतःचे नावसुद्धा अक्षरांची उलटापालट करून लिही. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकांना जे दिसले, ते आपल्याकडे अजूनही 'ढ' या एका अक्षराखाली झाकून टाकले जाते. मॉर्गनसाहेबांना हा दोष शब्द नजरेत न ठरण्याचा वाटला. नंतरच्या संशोधनाने बहुतेक मुलांच्या बाबतीत तो आवाजाच्या बाजूला नेऊन ठेवला. ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

वाचन म्हणजे डोळ्यांचे काम, असे आपण धरून चालतो. डोळा फक्त आकृती पाहतो. त्या आकृतीचा आवाज आठवायचा, तो लक्षात धरून पुढच्या अक्षराचा आवाज आठवायचा, सगळे आवाज जोडायचे आणि मग तो शब्द ओळखीचा आहे का हे पाहायचे, ही सगळी कामे मेंदूची. ज्या मुलाला बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून ऐकू येत नाहीत, त्याला अक्षर हे केवळ रेघोट्यांचे चित्र राहते. ऐकू येत नाहीत म्हणजे बहिरा नव्हे. शब्द त्याला पूर्ण ऐकू येतो, अर्थही लागतो. फक्त तो शब्द तुकड्यांचा बनलेला आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या यात्रेत बापाच्या खेळण्यांच्या दुकानावर बसून सुट्या पैशांचा हिशेब चोख ठेवणारा चौथीतला एक मुलगा मला आठवतो. त्याला विचारले, "'बाजार'मधला 'बा' काढला तर काय उरतं?" तो म्हणाला, "गर्दी." मग विचारले, "माळ, जाळ, गाय, यात वेगळा शब्द कुठला?" क्षणभर विचार करून म्हणाला, "जाळ. तो भाजतो." असे उत्तर देणाऱ्या पोराला मंद म्हणायची माझी तरी छाती नाही. त्याची सगळी बुद्धी अर्थाकडे धावत होती आणि आवाजाकडे लक्षच जात नव्हते. अशी परीक्षा कोणत्याही आईला चुलीपाशी बसून घेता येते, तिला फी लागत नाही.

आता काही मंडळी विचारतील, की दोष विचारशक्तीच्या मुळाशी असेल तर मूळच बळकट करावे, स्मरणशक्ती वाढवावी, एकाग्रता वाढवावी. बरोबर आहे, पण कोणते मूळ हे पाहायला हवे. अडखळत वाचणारे मूल ओंजळीतून पाणी नेणाऱ्यासारखे असते. शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचेतो पहिल्याचा आवाज बोटांतून गळून गेलेला असतो. ओंजळ मोठी करून देतो म्हणणारे क्लास आणि संगणकावरचे खेळ आता पुष्कळ झाले आहेत. त्यांच्यावर झालेल्या अभ्यासांचे सार असे, की मूल त्या खेळात तरबेज होते, पण वाचन जिथल्या तिथे राहते. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या 'लुमोसिटी' या अमेरिकन कंपनीला पुराव्याशिवाय दावे केल्याबद्दल २०१६ साली वीस लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' येऊन गेले, अजूनही कुठे कुठे येते. नाक आणि पट्टी यांच्यामधली फट बुजवली की ती विद्या बंद पडते. मध्यमेंदूचे काम डोळ्यांच्या हालचाली सांभाळणे वगैरे असते, पुस्तक वाचणे नव्हे. हजारो रुपये भरून आपल्या मुलाला फटीतून पाहायला शिकवणाऱ्या पालकांची मला कीव येते आणि शिकवणाऱ्यांचा राग. बाटलीवर मेंदूचे चित्र असलेल्या टॉनिकांनाही मी याच रांगेत बसवतो.

ओंजळ फारशी मोठी होत नाही, पण विहीर जवळ आणता येते. अक्षर दिसताक्षणी आवाज ओठांवर आला पाहिजे, मग गळायला वेळच उरत नाही. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या दोघांनी १९८३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार शहाणपणाचा वाटतो. आवाज ओळखण्यात कच्ची असलेली लहान मुले त्यांनी निवडली आणि दोन वर्षांत मिळून चाळीस बैठका घेतल्या. काही मुलांना नुसते आवाजांचे खेळ शिकवले. काहींना तेच खेळ प्लास्टिकची अक्षरे हातात देऊन शिकवले. काहींना त्याच चित्रांची अर्थावरून वर्गवारी करायला लावली. वाचनात सर्वांत पुढे गेली ती आवाज आणि अक्षर एकत्र शिकलेली मुले. म्हणजे कान तयार करायचा, पण हातात अक्षर ठेवून. नुसता कान किंवा नुसते अक्षर, दोन्ही अपुरे.

आपल्याला हे परके वाटू नये. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा आहे. गाणे शिकवणारे गुरुजी आधी सूर कानात बसवतात, मग वहीत स्वरलिपी येते. भाषेचे मात्र आपण उलटे करतो. पहिलीतले मूल 'क ख ग घ' चालीवर घडाघडा म्हणते आणि मधलाच 'म' दाखवला की पुन्हा 'क'पासून सुरुवात करते. त्याला गाणे पाठ झालेले असते, अक्षर नव्हे. आणि ज्याचे चुकते त्याला शिक्षा काय, तर तोच शब्द दहा वेळा लिही! दहा वेळा लिहिताना हात दुखतो, कान झोपलेलाच राहतो. चुकीचा शब्द दहा वेळा लिहून आणणारी मुलेही मी पाहिली आहेत.

मराठीची लिपी इंग्रजीच्या मानाने पुष्कळ प्रामाणिक आहे, लिहिले तसेच बहुतेक वाचायचे. तरी तिच्याही काही खोड्या आहेत आणि त्या पालकांनी ओळखून असाव्यात. 'दिवा' लिहिताना वेलांटी 'द'च्या आधी येते, पण तिचा आवाज नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, उच्चारात मात्र आधी येतो. 'चार' आणि 'चाक' यांत 'च' एकच, आवाज दोन. 'ख' जरा सुटा छापला की 'रव' होतो. व्यंजने गुणिले बाराखडी असा हिशेब केला तर चिन्हे चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरे निराळीच. धडधाकट मुलालाही हे पचायला दोन-तीन वर्षे लागतात. हे पचत नाही म्हणून चौथीत मुलाला उचलून इंग्रजी शाळेत टाकणारे पालक भेटतात. आगीतून फुफाट्यात, दुसरे काय!

घरी करायचे ते फार नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे, जेवणाआधी, टीव्ही आणि मोबाइल बंद करून. आधी तोंडी खेळ : घरातल्या माणसांच्या नावांचे टाळ्या वाजवून तुकडे पाडा, 'का'पासून सुरू होणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू शोधा, यमक जुळवा, भेंड्या लावा. आजीला हुमाणे आणि भुलाबाईची गाणी येत असतील तर ती म्हणून घ्या, हा सगळा खजिना कानाच्या व्यायामाचाच आहे आणि तो आपण टीव्हीच्या नादी लागून अडगळीत टाकला. मग लगेच तीच अक्षरे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर काढून समोर ठेवा. एका वेळी चार-पाचच. त्यांत काना असू द्या, म्हणजे 'मामा', 'काका', 'नाक', 'कान' असे खरे शब्द पहिल्याच आठवड्यात बनतात. मूल तुकडे सरकवून स्वतः शब्द बनवील, मोठ्याने आवाज करील आणि मग वाचील. फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन, पण पुढे भारताच्या नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी वस्तीतल्या, शाळेने सोडून दिलेल्या मुलांना अशाच थोड्या अक्षरांच्या गटांतून वाचायला शिकवले. १९८०च्या दशकात तिथे सुरू झालेली कमला निंबकर बालभवन ही शाळा त्याच कामातून उभी राहिली. सगळी बाराखडी पाठ झाल्यावरच शब्द, हा हट्ट सोडला की मुलाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. वाचनात फरक दिसायला मात्र काही महिने लागतात. आठ दिवसांत गुण येईल असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

हे सुरू करण्याआधी माझ्या धंद्यातली तपासणी आलीच. ज्याचा कान वाहतो, सर्दीने सदा भरलेला असतो, त्याला 'प' आणि 'ब' यांतला फरक पोहोचतच नाही. कानात गरम तेल टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. फळ्यावरचे दिसत नसेल तर चष्मा लागेल. चष्म्याने वाचनदोष जात नाही, पण अंधुक अक्षरावर मेहनत करण्यात अर्थ नाही. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणारे मूल निस्तेज दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी पडले की लक्ष टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी, दोन्ही मुलाने गिळली का हे विचारत जा. कित्येक गोळ्या दप्तराच्या तळाशी सापडतात.

आणखी एक गोष्ट. अडखळणारे प्रत्येक मूल 'डिस्लेक्सिया'चे नसते. २००७ साली 'तारे जमीन पर' आल्यापासून हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला, हे चांगलेच झाले. पण ज्या मुलाने दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचे दिवस आईबापाबरोबर उसाच्या फडात काढले, त्याला रोग चिकटवण्याआधी शिकवून पाहावे. गावात आजी-आजोबा असतील तर त्याला मागे ठेवावे, त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय कुठे आहे ते मुख्याध्यापकांना विचारावे. नीट शिकवूनही जे मूल तिसरी-चौथीत अडलेले राहते, त्याची रीतसर तपासणी करावी. साधारण आठव्या वर्षाआधी पक्के निदान करू नये असे मानतात, पण वरचे खेळ सुरू करायला निदानाची वाट पाहायची गरज नाही.

महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ साली सुरुवात केली, त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. जास्तीचा वेळ, लेखनिक या सवलती हक्काच्या आहेत, त्या घ्यायला लाजू नये. मात्र मुंबई-पुण्यात दाखला काढून मिळणे आणि अंबड तालुक्यातल्या वाडीवरच्या मुलाला तो मिळणे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोठ्या शहरात हुशार पालक दाखला मिळवतात, आपल्याकडे मूल शाळा सोडते. दाखल्याने सवलत मिळते, वाचन मिळत नाही, हेही शहरातल्यांनी लक्षात ठेवावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळांमध्ये तपासणीला येते. डोळे, कान, रक्तक्षय यांच्याबरोबर शिकण्यातील अडचणही त्यांच्या यादीत आहे. पथक कधी येणार ते गुरुजींना विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला शेतात नेऊ नका आणि त्याची मराठीची वही दप्तरात घालून पाठवा. मुलाला समोर बसवून चार ओळी वाचून घ्या, असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. गरज वाटली तर ते जालन्याला जिल्हा रुग्णालयात पाठवतील. तिथे जाताना पहिल्या इयत्तेपासूनच्या वह्या बरोबर न्याव्यात. गेल्या वर्षीच्या वह्या रद्दीत घातल्या असतील तर या वर्षीच्या तरी जपून ठेवा.