टॉवेलच्या धाग्याने जोडलेलं जग

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकताना हे सोलापूरपुरतं काम आहे असं वाटेल, पण इथला टेरी टॉवेल सातासमुद्रापार जातो. हे नातं जुनं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिथला कापूस जगाला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८७७ मध्ये सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली, तीच आज ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराला कामाचे हात दिले आणि तेलुगू बोलीही दिली. पुढे सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोन्हींनाही भौगोलिक मानांकन मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. पण मागणी आटली की पहिला माग थांबतो तो इथे, आणि विणलेल्या मालावर मजुरी घेणाऱ्याचा आठवड्याचा पगार घटतो. जगाशी जोडलं जाणं थांबवता येणार नाही, थांबवूही नये. या शहराची भरभराट त्यातूनच झाली. मात्र तेजीचा नफा कारखानदाराला आणि मंदीचा फटका कामगाराला, ही वाटणी बदललीच पाहिजे. भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा आणि मंदीच्या काळातली किमान मजुरी हा यंत्रमाग कामगाराचा हक्क आहे.