गाडीचे नाक

आमच्या सौभाग्यवतींना दमा आहे. म्हणून फटाके सुरू होण्याआधीच मी गाडीच्या आतल्या हवेचा फिल्टर घरी बदलून टाकतो. पुष्कळ गाड्यांत तो डॅशबोर्डच्या डावीकडील कप्प्यामागे दडलेला असतो. कप्पा रिकामा करून दोन्ही कडा आत दाबल्या, की तो खाली लोंबतो. मागचे झाकण काढून फिल्टर अलगद ओढावा. अगदी अलगद, नाहीतर वर्षभराची धूळ नि वाळकी पाने पंख्यात! नवा बसवताना बाणाची दिशा तेवढी जुन्याप्रमाणे ठेवा. जुना कागदी फिल्टर धुऊन वापरण्याची काटकसर मात्र नको, बरे का! वास अडवायला कोळशाच्या थराचा फिल्टर लागतो. पण तोही काही अगस्ती नव्हे. धुराने भरलेल्या गल्लीत मी बाहेरची हवा बंदच करतो.