सोन्याचा मुलामा आणि विजेचा सांधा

गेल्या महिन्याच्या टपालांत आमच्या एका जुन्या वाचकांचें पत्र आलें. नांवगांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें तें येथें देत नाहीं. परंतु पत्रांतील प्रश्न असा आहे कीं, त्याचें उत्तर खासगी रीतीनें धाडण्यापेक्षां सर्व वाचकांपुढें ठेवणेंच आम्हांस इष्ट वाटलें.

या गृहस्थांचे चिरंजीव इंग्लंडांत नोकरीस आहेत. बारा वर्षें ते सिगारेट ओढीत असत. ती सोडून आतां आठ महिने झाले, आणि तिच्या जागीं त्यांनीं विजेवर चालणारें वाफेचें यंत्र, ज्याला तिकडे व्हेप म्हणतात, तें हातीं धरलें आहे. उन्हाळ्यांत आईवडील तिकडे गेले असतां वडिलांच्या दृष्टीस या यंत्राच्या एका सुट्या भागाची पावती पडली. ज्या ठिकाणीं यंत्राचा वरचा भाग बॅटरीच्या भागास जोडला जातो, तेथील खिळीवर सोन्याचा मुलामा असल्याबद्दल दुकानदारानें साध्या भागाच्या जवळजवळ तिप्पट किंमत घेतली होती. वडील म्हणाले, "धूर फुंकण्यालाही सोनें लागतें काय?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हांला यांतलें कांहीं कळत नाहीं. सोन्यानें वीज चांगली वाहते." पुढचे तीन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. आतां परत आल्यावर वडील आम्हांस विचारतात : "माझा मुलगा फसला कीं मी अडाणी ठरलों, हें निःपक्षपातानें सांगा. मी चुकलों असेन तर त्याला तसें पत्र लिहीन."

असें विचारणाऱ्या वडिलांबद्दल आम्हांस आदर वाटतो. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं थोडी घोकंपट्टी केली, थोडा हिशेब मांडला, आणि जें निष्पन्न झालें तें पुढें देत आहों.

प्रथम चिरंजिवांच्या विधानाकडे वळूं. सोन्यानें वीज चांगली वाहते, हें खोटें नाहीं. पण सर्वांत चांगली वाहते असें जर त्यांस म्हणावयाचें असेल, तर तें खरें नाहीं. विद्युद्वहनांत पहिला मान रुप्याचा आहे. रुप्याची वाहकता १०० धरली, तर तांब्याची सुमारें ९५ भरते आणि सोन्याची अवघी ६५. पितळ साधारण २५ वर, निकेल २३ वर, आणि न गंजणारें पोलाद दोन-अडीचवर येतें. म्हणजे तांब्यावर सोनें चढविणें, हें वाहकतेच्या दृष्टीनें पाहिलें तर वरच्या धातूवर खालचा धातु चढविण्यासारखें आहे.

मग सोनें वापरतात तरी कां? याचें उत्तर आमच्या वाचक भगिनी आमच्याहून लौकर देतील. पितळेच्या भांड्याला आपण कल्हई कां लावीत होतों? कल्हईमुळें आमटी लौकर शिजते म्हणून नव्हे. कल्हई नसेल तर ताक कळकतें, चिंचगुळाची आमटी बिघडते, म्हणून. कल्हई हें भांड्याचें रक्षण आहे. तिच्यानें चुलीची आंच वाढत नाहीं. सोन्याचा मुलामाही विजेच्या सांध्यावर नेमकें हेंच काम करतो. तांबें हवेंत काळें पडतें, दमट हवेंत हिरवा काट धरतें. रुपें गंधकाच्या अंशानें काळवंडतें, हें दिवाळीपूर्वीं देवघरांतील उपकरणीं घासतांना प्रत्येक गृहिणी अनुभवते. सोनें मात्र जसेंच्या तसें राहतें. धातूवर चढणारी ही काळी-हिरवी पुटें वीज नीट जाऊं देत नाहींत. सोन्यावर तें पुट चढत नाहीं, एवढाच त्याचा गुण. पण जेथें तो गुण लागतो तेथें त्याला तोड नाहीं.

तो कोठें लागतो, हें समजण्यासाठीं दोन धातु एकमेकांस टेकतात तेव्हां काय होतें तें पाहिलें पाहिजे. या विषयाचा पाया रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञानें घातला. विद्युत्स्पर्शांवरील त्याचा इंग्रजी ग्रंथ १९४६ सालीं निघाला. डोळ्यांस गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तरी ते सर्वत्र टेकत नाहींत. दोन डोंगराळ मुलुख पालथे घातल्याप्रमाणें त्यांचीं कांहीं शिखरेंच एकमेकांस भिडतात, आणि सारा प्रवाह त्या मोजक्या ठिपक्यांतून जातो. दाब वाढविला म्हणजे शिखरें चेपतात, ठिपके रुंदावतात व रोध कमी होतो. म्हणून सांध्याच्या बाबतींत दाब आणि स्वच्छता या दोन गोष्टी प्रमुख. धातु कोणता, हा प्रश्न त्यांच्या मागून येतो.

आतां आमच्या घरांतील एक अनुभव सांगतों. आमच्या थोरल्या आत्याबाई कानाला श्रवणयंत्र लावतात. मागच्या पावसाळ्यांत तें वरचेवर बंद पडूं लागलें. नवी बॅटरी घातली तरी तेंच. शेवटीं एका जाणत्या कारागिरानें तें उघडून दाखविलें, तों बॅटरी जेथें टेकते ती पट्टी घामानें हिरवी झालेली. मुलाम्याची पट्टी बसविल्यापासून आत्याबाई पुन्हा सर्वांचें बोलणें ऐकूं लागल्या. किंबहुना जें त्यांनीं ऐकूं नये असें सुनांस वाटतें, तेंही. येथें सोन्यानें आपली किंमत वसूल केली, कारण श्रवणयंत्राची बॅटरी जेमतेम १.४ व्होल्टांची, तिचा प्रवाह अति अल्प, आणि पट्टीवरील दाब हलका. काटाचें पातळ पुट भेदून जाण्याइतकें बळ त्या विजेंत नसतें. मोबाइलमधील सिमकार्ड आणि संगणकांतील जोड यांवर सोनें असतें तें याच कारणानें.

व्हेपचें काम याच्या अगदीं उलट आहे. त्यांतील बॅटरी ३.७ व्होल्टांची, पुरी भरली म्हणजे ४.२ व्होल्टांची. ज्या तारेच्या वेटोळ्यावर द्रव तापून वाफ होते, त्या वेटोळ्याचा रोध पुष्कळदां अर्धा ओहम किंवा त्याहूनही कमी असतो; म्हणून सांध्यांतून सात-आठ अँपिअर प्रवाह सहज जातो. सांधा आट्यांनीं आवळलेला असल्यामुळें दाबही चांगला असतो. असा जोरकस प्रवाह बारीकसारीक पुट स्वतःच फोडून वाट काढतो. जेथें पाहुणा दार ढकलून आंत येणारा आहे, तेथें दाराला सोन्याची कडी लावून त्याचें येणें सुलभ होत नाहीं.

हिशेबच पाहूं. मुलामा एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, आणि स्पर्शाचें क्षेत्र एक चौरस मिलिमीटर धरलें, तर त्या सोन्याच्या थराचा स्वतःचा रोध एका ओहमच्या चार कोटींव्या भागाइतका येतो. तो असला काय, नसला काय! बरें, मुलामा सोडून सबंध खिळीच रुप्याची केली तर? खिळी पांच मिलिमीटर लांब व तीन चौरस मिलिमीटर छेदाची धरा. पितळेची खिळी काढून रुप्याची घातल्यानें रोधांत जी घट होते ती एका ओहमच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. वेटोळें अर्ध्या ओहमचें असेल, तर पांच हजार रुपयांच्या जमाखर्चांत एका रुपयाहून कमी फरक पडावा तसें हें झालें. एवढ्या फरकानें वाफ दाट होणें किंवा चव बदलणें शक्य नाहीं. शिवाय पुष्कळ यंत्रांत आंत एक नियामक असतो. तो वेटोळ्याला किती वॅट द्यावयाचे तें ठरवितो आणि सांध्यांतील लहानसहान तूट आपल्या आपण भरून काढतो.

यावर चिरंजीव म्हणतील, "पण मला फरक प्रत्यक्ष जाणवला, त्याचें काय?" तो जाणवला असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नवा भाग बसवितांना आपण जुना काढतों, आट्यांत सांठलेला चिकट द्रव पुसतों, आणि नवा भाग नीट आवळून बसवितों. हा द्रव मुख्यतः ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकोल यांचा असतो. तो पाझरून सांध्यांत उतरतो आणि त्यावर धूळ बसून राळेसारखा थर जमतो. सुधारणा झाली ती फडक्याची आणि आवळण्याची. श्रेय मात्र सोन्यानें लाटलें. परीक्षा सोपी आहे. जुनीच खिळी शुद्ध मद्यार्कांत भिजविलेल्या कापसानें पुसावी, कोरडी करून आवळावी, आणि मित्राकडून कधीं ही तर कधीं ती खिळी न सांगतां बसवून घ्यावी. दहा वेळां ओळखून पाहावें. आपलें मत आपल्यालाच कळून येईल.

मुलाम्याचें आयुष्य हाही एक मुद्दा आहे. शुद्ध सोनें मऊ असतें. म्हणून विजेच्या जोडांवर तें किंचित् कोबाल्ट वा निकेल मिसळून कठीण करतात, आणि खालीं निकेलचा थर देतात, नाहीं तर खालचें तांबें हळूहळू सोन्यांतून वर झिरपतें. हा खटाटोप ज्यांत केला आहे तो मुलामा टिकतो. पण जें यंत्र रोज उघडावें-मिटावें लागतें, त्याच्यावरील केवळ चकाकीसाठीं दिलेला पातळ थर थोड्याच दिवसांत घासून जातो, आणि मग तिप्पट किंमतीची खिळी साध्या खिळीच्या पंक्तीस येऊन बसते.

येथवर आमचा कौल वडिलांच्या बाजूनें दिसेल. परंतु त्यांनीं तो पत्रांत लिहून धाडण्याची घाई करूं नये. सांध्याचा प्रश्न क्षुल्लक नाहीं. त्याचें सोनें क्षुल्लक आहे. मळका किंवा ढिला सांधा जर एका ओहमचा पन्नासावा भाग रोध आणील, तर अर्ध्या ओहमच्या वेटोळ्याशीं त्या सांध्यांत एक वॅटाहून थोडी अधिक उष्णता निर्माण होते; हौसेनें ०.१५ ओहमचें वेटोळें लावलें तर ती अकरा वॅटांवर जाते. बोटाच्या पेराएवढ्या जागेंत अकरा वॅट म्हणजे चटका देणारी आंच, आणि तीही लिथियमच्या बॅटरीला खेटून. असें कमी रोधाचें वेटोळें ज्या यंत्रांत नियामक नाहीं त्यांत लावणें आम्हांस धोक्याचें वाटतें. बॅटरीवरील प्लॅस्टिकचें वेष्टण फाटलें असेल तर ती वापरूं नये. सुटी बॅटरी किल्ल्या व नाणीं असलेल्या खिशांत टाकूं नये, कारण धातूनें दोन्ही टोकें जोडलीं गेलीं कीं ती तापून पेट घेऊं शकते. वडिलांनीं सोन्याबद्दल न विचारतां हें विचारलें असतें, तर "तुम्हांला कळत नाहीं" असें म्हणण्याची पाळी चिरंजिवांवर आली नसती.

आणखी दोन शब्द, मुलाम्याच्या आंतील वस्तूविषयीं. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेचें म्हणणें असें कीं, सिगारेटीपेक्षां व्हेप कमी अपायकारक आहे, पण निरुपद्रवी नाहीं; धूम्रपान सोडणाऱ्यास त्याची मदत होते, न ओढणाऱ्यानें तें मुळींच सुरू करूं नये. आपल्या देशांत २०१९ च्या कायद्यानें या वस्तूंचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा व जाहिरात यांवर बंदी आहे. तेव्हां दिवाळीस घरीं येतांना चिरंजिवांनीं तें यंत्र तिकडेच ठेवून यावें, आणि घरांतील मुलांच्या हातीं तें पडण्याचा प्रसंगच येऊं देऊं नये. निकोटिनची ओढ वाफेंतूनही लागते. म्हणून द्रवांतील निकोटिनचें प्रमाण हळूहळू उतरवीत नेऊन शेवटीं यंत्रही सुटावें, हें ध्येय नजरेपुढें असावें. खिळीवर गेलेले पैसे वायां गेले असतील, पण बारा वर्षांची सिगारेट आठ महिने दूर राहिली आहे, ही जमेची रक्कम त्याहून फार मोठी आहे.

म्हणून या वाचकांस आमची सूचना अशी. त्यांनीं चिरंजिवांस पत्र अवश्य लिहावें. सोन्याच्या बाबतींत तो फसला, हें एका ओळींत, थट्टेनें लिहावें. लग्नसराईंत मुलाम्याला भुलणारे आपणही कांहीं कमी नाहीं. त्यानें सिगारेट सोडली याचा आनंद मात्र सविस्तर लिहावा, कारण पत्रावरून पाहतां तो आनंद त्यांनीं तिकडे असतांना एकदांही बोलून दाखविलेला दिसत नाहीं. बापलेकांतील सांधाही दोन वस्तूंवर चालतो : मधें पुट चढूं न देणें, आणि एकमेकांस नीट टेकून राहणें. त्याला मुलाम्याची गरज नसते; अधूनमधून पुसून घ्यावा लागतो, इतकेंच.