रक्ताची आगाऊ साक्ष

छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवरील पडेगावात एखाद्या सडपातळ कारकुनाला रक्त तपासून घेण्यास सांगितले, तर तो ते हसण्यावारी नेण्याचाच संभव अधिक. हृदयविकार हे लठ्ठ माणसांचे दुखणे, ही समजूत समाजात खोल रुजली आहे. तिचे खंडन पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच उदाहरणाने केले. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

तेव्हा आरशाची साक्ष पुरेशी नाही. रक्ताचीही काढली पाहिजे. त्यातही भेद आहे. रक्तातील ट्रोपोनिन वाढते ते हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर, म्हणजे घाव बसल्यानंतर. वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल मात्र कित्येक वर्षे आधी इशारा देते. लायपोप्रोटीन-ए बहुतांशी आनुवंशिक असल्याने ते आयुष्यात निदान एकदा तरी तपासावे.

पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षीच व्हावी, अशी शिफारस कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. ती कागदावर राहू नये. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची ही तपासणी सरकारी खर्चाने झाली पाहिजे, आणि तिच्यामागून वैद्यकीय सल्लाही मिळाला पाहिजे. नुसत्या आकड्यांनी हृदय वाचत नाही. वेळीच सोडलेली तंबाखू आणि वेळीच सुरू केलेले औषध ते वाचवू शकते.