बेचकी कुणाची, माठ कुणाचा?

परवा मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातला माठ फुटला. नेम धरला एकाने, पण बेचकी होती दुसऱ्याची. दुसरा म्हणाला, "बाई, मी नुसती बेचकी दिली. माठ मी नाही फोडला!" मग मी वर्गाला 'अलाबामा' जहाजाची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध चाललं होतं. ब्रिटनने जाहीर केलं होतं, 'आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही.' पण ब्रिटनमध्येच, बर्कनहेडच्या गोदीत, दक्षिणेसाठी एक जहाज तयार होत होतं. लंडनमधले अमेरिकेचे वकील अ‍ॅडम्स यांनी परोपरीने विनवलं, "हे जहाज अडवा." सरकारने चालढकल केली. २९ जुलै १८६२ रोजी जहाज चाचणीच्या निमित्ताने निघालं, ते परत आलंच नाही! अझोर्स बेटांजवळ त्यावर तोफा चढल्या. दोन वर्षांत त्याने साठाहून अधिक जहाजं पकडली आणि बरीचशी जाळून टाकली. जून १८६४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते बुडवलं गेलं.

युद्धानंतर अमेरिकेने ब्रिटनकडे भरपाई मागितली. ब्रिटनचं म्हणणं, आमचा काय दोष? वाद चिघळत गेला. शेवटी १८७१ मध्ये दोघांनी करार केला, की पंच नेमू आणि ते सांगतील ते ऐकू. अमेरिका, ब्रिटन, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझील यांचा एकेक पंच जिनिव्हाला बसला. 'युद्ध लांबलं, त्याचाही खर्च द्या,' हे अमेरिकेचं मागणं पंचांनी मानलं नाही. पण १४ सप्टेंबर १८७२ रोजी त्यांनी निकाल दिला: ब्रिटनने घ्यायला हवी होती तेवढी काळजी घेतली नाही. अलाबामा आणि तशाच आणखी जहाजांनी केलेल्या नुकसानीबद्दल १ कोटी ५५ लाख डॉलर भरावेत, तेही सोन्यात! ब्रिटनच्या पंचाने सही केली नाही. तरी ब्रिटनने १८७३ मध्ये सगळी रक्कम चुकती केली. केवढं बलाढ्य साम्राज्य, पण दिलेला शब्द पाळला.

गोष्ट संपली तशी एका मुलीने बेचकीवाल्याला विचारलं, "तो माठावर नेम धरणार, हे तुला ठाऊक होतं का?" त्याने मान खाली घातली. "होतं," तो म्हणाला.

दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून कुंभाराकडून नवा माठ आणला. पाणी छान गार होतं, बरं का!